शिवाजी नसीरुद्दीन, औरंगजेब ओम पुरी

श्याम बेनेगल यांची 'भारत एक खोज' ही मालिका १९८८ मध्ये दूरदर्शनवर सुरू झाली. पंडित नेहरूंच्या ग्रंथावर आधारलेली, त्रेपन्न भागांची. त्यात शिवाजी महाराजांची भूमिका नसीरुद्दीन शाह यांनी केली आणि औरंगजेबाची ओम पुरी यांनी. म्हणजे महाराज साकारले मुसलमान नटाने आणि आलमगीर साकारला अंबाल्याच्या पंजाबी हिंदू नटाने. हे सरकारी वाहिनीवर, देशभर दिसले. आज एखाद्या दिग्दर्शकाने अशी निवड केली तर पहिल्या दिवशी काय होईल आणि दुसऱ्या दिवशी काय होईल, हे वाचकांना मी सांगायला नको.

ओम पुरींनी त्या मालिकेत आणखीही बरेच काही केले. दुर्योधन, सम्राट अशोक, अलाउद्दीन खिलजी हेही तेच. शिवाय मालिकेचा निवेदकही तेच. पाच हजार वर्षांचा इतिहास ज्या आवाजात आपण ऐकला तो आवाज त्यांचा. दोन भागांमध्ये अशोक आणि खिलजी बदलले, मध्ये निवेदकाचा आवाज मात्र तोच राहिला. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. या देशाची गोष्ट सांगणारा आवाज एकच आहे आणि त्याच माणसाला आळीपाळीने कधी अशोकाचा, कधी औरंगजेबाचा पोशाख चढवावा लागतो. बेनेगलांच्या मनात हे होते की पैसे वाचवायचे होते, कोण जाणे. परिणाम मात्र तसा झाला.

'मुसलमानाची भूमिका मुसलमान नटानेच करावी का' असा एक वाद अलीकडे आपल्या तरुणांत बराच रंगतो. बाहेरच्या देशांतून आलेला आहे, पण अगदीच टाकाऊ नाही. पडद्यावर आपण कसे दिसतो याचा राग प्रत्येकाच्या मनात साठलेला आहे आणि तो खोटा नाही. तरी माझे उत्तर 'नाही' असे आहे, आणि त्यासाठी माझा साक्षीदार ओम पुरी आहेत. नटाचा धर्म कोणता यापेक्षा त्याने कान कुठे लावला होता, हा प्रश्न मला जास्त खरा वाटतो. मी उर्दू आणि मराठी शिकवतो, त्यामुळे कान हा माझ्या पोटापाण्याचाही विषय आहे.

हिंदी सिनेमातला मुसलमान कसा बोलतो ते आठवा. दर वाक्याला 'जनाब', दर दोन वाक्यांना 'इन्शाअल्लाह', घरात 'अम्मीजान' आणि गळ्यात ताईत. तो हातगाडी ओढत असला तरी लखनौच्या नवाबाच्या दिवाणखान्यातून आत्ताच उठून आल्यासारखा बोलतो. औरंगाबाद, परभणी, नांदेडकडचा मुसलमान 'हौ', 'नक्को', 'कायकू' म्हणतो. कोकणातला आपल्या कोकणी बोलीत बोलतो, तिच्यात मासळीपासून लग्नगाण्यांपर्यंत सारे मावते. सांगली-कोल्हापुरातला चांगली रांगडी मराठी बोलतो आणि घरी आईशी वेगळेच काही. हा माणूस पडद्याला माहीतच नाही. तिथे आपण सगळे एकाच आजीच्या पोटी जन्मलो आहोत आणि ती आजी गोमतीच्या काठी राहते.

आता 'मिर्च मसाला'मधला अबू मियाँ पाहा. केतन मेहता यांचा १९८७ चा चित्रपट. गुजरातमधले खेडे, इंग्रजांचा काळ, मिरच्या कुटण्याचा कारखाना आणि त्याचा म्हातारा पहारेकरी. सुभेदाराच्या तावडीतून पळालेली सोनबाई आत येते आणि अबू मियाँ दरवाजा लावून घेतो. मालक सांगतो, गावातले प्रतिष्ठित सांगतात, बायकांतल्याही काही जणी सांगतात की दे तिला आणि सुटू आपण. तो दरवाजा उघडत नाही. शेवटी सुभेदाराची माणसे दार फोडतात तेव्हा तो मारला जातो.

या भूमिकेत ओम पुरी जवळपास काहीच 'मुसलमानी' करत नाहीत. अबू मियाँ नमाज पढतो, पण ती दाखवण्यासाठी पढत नाही. भाषा गावातल्या इतरांचीच आहे, वयाने जड झालेली. आवाज खाली ठेवलेला आहे. एवढा दमदार आवाज असलेल्या नटाने तो म्हाताऱ्याच्या छातीत किती उरला असेल तेवढाच वापरला आहे. अबू मियाँ भाषण देत नाही, इस्लाम स्त्रीला काय स्थान देतो हे सांगत नाही. तो पहारेकरी आहे, पहारा हे त्याचे काम आहे, आणि आत आलेल्या बाईला बाहेर ढकलायचे नाही एवढे त्याला कळते. मला विचाराल तर आपल्याकडच्या सिनेमातले ते सर्वांत चांगले मुसलमान पात्र आहे. गंमत म्हणजे त्यात दुष्ट सुभेदार नसीरुद्दीन शाह आहेत. हे दोघे मित्र आयुष्यभर असे एकमेकांच्या जागा बदलत राहिले.

त्या दोघांची सुरुवातही सांगण्यासारखी आहे. नसीरुद्दीन कॉन्व्हेंटमध्ये शिकलेले, इंग्रजीत वाढलेले. ओम पुरी पंजाबी माध्यमाचे. लहानपणी चहाच्या टपरीवर कपबशा धुतलेले. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला दोघे दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात एका वर्गात आले. तिथे व्याख्याने, पुस्तके, चर्चा बहुतेक इंग्रजीत. ओम पुरींना ते जमेना, इतके की सोडून जावे असे मनात आले. संचालक होते इब्राहिम अल्काझी, अरब आईबापांच्या पोटी आपल्या पुण्यात जन्मलेले. त्यांनी या मुलाला धीर दिला. पुढे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्येही हे दोघे शिकले.

इंग्रजीच्या भीतीने पळून जाऊ पाहणाऱ्या या मुलाने नंतर 'सिटी ऑफ जॉय' केला, 'वुल्फ' केला, 'द घोस्ट अँड द डार्कनेस' केला, 'चार्ली विल्सन्स वॉर'मध्ये जनरल झिया-उल-हक झाला. 'ईस्ट इज ईस्ट'साठी ब्रिटनच्या बाफ्टा पुरस्काराच्या नामांकनापर्यंत पोहोचला. पण आमच्या शाळांत जशी ही गोष्ट सांगितली जाते, 'बघा, मेहनत केली, इंग्रजी शिकला, मोठा झाला', तशी मला ती सांगायची नाही. ओम पुरींचे इंग्रजी शेवटपर्यंत पंजाबी मातीचे राहिले. त्यांनी ती माती धुतली नाही, तिचाच उपयोग केला.

'ईस्ट इज ईस्ट'मधला जॉर्ज खान हे त्याचे उदाहरण. साल १९७१, इंग्लंडमधले सॅलफर्ड, मासे आणि बटाटे तळून विकायचे दुकान. पाकिस्तानी बाप, इंग्रज आई, सात मुले. मुले इंग्रज होत चालली आहेत आणि बापाला ती पाकिस्तानी हवी आहेत. टीव्हीवर पूर्व पाकिस्तानची बातमी लागलेली असते, म्हणजे बापाचा देशही फुटत असतो. थोरला मुलगा लग्नाच्या ऐन वेळी पळून जातो तेव्हा बाप भिंतीवरची त्याची तसबीर उतरवतो. जॉर्ज मोडकेतोडके इंग्रजी बोलतो. इतकी वर्षे तिथे राहून, तिथली बायको करूनही त्याच्या वाक्यात क्रियापद जागेवर नसते. पण त्याचे इंग्रजी ऐकून हसू येते तेव्हाही तो माणूस हास्यास्पद होत नाही. स्वतःच्या घरातच ज्याला सर्वांत कमी भाषा येते असा तो बाप आहे. मुले त्याच्यापुढे भराभर बोलतात, आपसात हसतात, आणि त्याच्याकडे उरतो तो आवाज चढवणे आणि नंतर हात उगारणे.

हा चित्रपट आपल्यापैकी अनेकांना आवडत नाही, हे मला ठाऊक आहे. बायकोला मारणारा, मुलांची जबरदस्तीने लग्ने ठरवणारा मुसलमान बाप. गोऱ्यांना हेच बघायचे असते, असा आक्षेप मी ऐकला आहे. आक्षेपात तथ्य आहे. पण ही गोष्ट गोऱ्याने लिहिलेली नाही. लेखक अयुब खान-दीन अशाच घरात, सॅलफर्डमध्येच वाढले आणि त्यांनी आपल्या बापाबद्दल लिहिले. मुलाने बापाविषयी लिहिलेली तक्रार आणि शेजाऱ्याने लिहिलेली तक्रार यांत फरक असतो. आणि ओम पुरींनी ती तक्रार पडद्यावर आणताना बापाची बाजूही सोडली नाही. मारहाणीच्या प्रसंगानंतर जॉर्जचा चेहरा बघताना त्याला माफ करावेसे वाटत नाही, पण त्याच्याकडे पाठही फिरवता येत नाही.

त्याआधी दोन वर्षे त्यांनी केलेला 'माय सन द फॅनॅटिक' तर आपल्या मोहल्ल्यांत चर्चेला घ्यावा असा आहे. हनीफ कुरेशी यांची कथा आणि पटकथा. ब्रॅडफर्डमधला पाकिस्तानी टॅक्सीवाला परवेझ, त्याला जुने जॅझ संगीत आवडते, दारूही आवडते, आणि एका वेश्येशी त्याचे नाजूक नाते जुळत जाते. त्याचा मुलगा फरीद धर्माकडे वळतो आणि एक दिवस बापालाच सांगू लागतो की तू पुरेसा मुसलमान नाहीस. 'ईस्ट इज ईस्ट'मध्ये बाप मुलांना मुसलमान करू पाहतो, इथे मुलगा बापाला. एकाच नटाने दोन्ही बाप केले, आणि तेही दोन वर्षांच्या अंतराने. दुसऱ्या भूमिकेत त्यांचा आवाज बहुतेक वेळ मऊ आहे, टॅक्सीत गिऱ्हाइकाशी बोलता बोलता लागलेली सवय असावी तसा. मुलासमोर तो अडखळतो. आपल्याला मुलाचे म्हणणे खोडून काढता येत नाही आणि पटतही नाही, ही परवेझची अडचण मी गेल्या वीस वर्षांत कितीतरी पालकांच्या तोंडावर पाहिली आहे. ते दारू पीत नव्हते आणि जॅझही ऐकत नव्हते; अडचण मात्र हीच होती.

आता उलट बाजू. 'गांधी' चित्रपटात ओम पुरी जेमतेम काही मिनिटे आहेत. कलकत्ता, दंगल, गांधीजींचे उपोषण. अंगात वारे शिरल्यासारखा एक हिंदू माणूस पुढे येतो, खाटेवरच्या गांधीजींच्या अंगावर रोटी फेकतो आणि खा म्हणतो. त्याने एका मुसलमान मुलाला भिंतीवर आपटून मारले आहे, कारण त्याच्या मुलाला मुसलमानांनी मारले. गांधीजी त्याला सांगतात की आईबाप मारले गेलेले एक पोर शोध, स्वतःचे म्हणून वाढव. फक्त ते मुसलमान असू दे आणि त्याला मुसलमान म्हणूनच वाढव. मुसलमान प्रेक्षक म्हणून मी हा प्रसंग बघतो तेव्हा तो खुनी माझ्या मुलाचा आहे. तरीही मला त्याची कीव येते. हे लेखकाचे आणि दिग्दर्शकाचे श्रेय आहेच, पण त्या नटाचा आवाज तिथे जसा फाटतो तसा फाटला नसता तर मला कीव आली नसती, हेही तितकेच खरे.

गोविंद निहलानींच्या 'तमस'मध्ये ते नथू झाले. कातडी कमावणारा गरीब माणूस. त्याला सांगितले जाते की डॉक्टरसाहेबांना डुक्कर हवे आहे. तो रात्रभर झटून ते मारतो आणि सकाळी ते मशिदीच्या पायरीवर सापडते. मग शहर पेटते. १९८८ मध्ये ही मालिका थांबवावी म्हणून प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी मालिका स्वतः पाहिली आणि मनाई करण्यास नकार दिला. पुढे सर्वोच्च न्यायालयानेही तेच केले. दंगल कोण सुरू करतो आणि हात कोणाचे वापरले जातात हे नथूच्या तोंडावर वाचता येते. आपण काय केले हे त्याला हळूहळू कळत जाते. त्या कळण्यासाठी ओम पुरींना संवाद लागत नाहीत.

संवादांवाचून काम करणे त्यांना मराठी माणसांनीच दिले, हे आपल्याला अभिमानाने सांगता येईल. 'आक्रोश' हा १९८० चा चित्रपट विजय तेंडुलकरांनी लिहिला. त्यातला आदिवासी लहान्या भिकू बायकोच्या खुनाच्या खोट्या आरोपाखाली कोठडीत आहे आणि तो वकिलाशी एक शब्द बोलत नाही. एवढा आवाज असलेल्या नटाला पहिली मोठी ओळख मिळाली ती गप्प राहण्याबद्दल! बापाच्या अंत्यविधीसाठी त्याला हातकड्यांसकट आणतात, तेव्हा तो बहिणीवर कुऱ्हाड चालवतो, कारण तिचेही तेच होणार हे त्याला दिसते, आणि मग तो ओरडतो. तोपर्यंतच्या चित्रपटभर त्या ओरडण्याची तयारी चाललेली असते. त्याच्या आधी 'घाशीराम कोतवाल'वरच्या १९७६ च्या चित्रपटात ते घाशीराम होते, मोहन आगाशे नाना फडणवीस. पुढे 'अर्धसत्य'मधला सब-इन्स्पेक्टर अनंत वेलणकर, श्री. दा. पानवलकरांच्या 'सूर्य' कथेतून आलेला. पंजाबी माध्यमात शिकलेल्या नटाची नाममुद्रा अशी मराठी लेखकांच्या कागदावर उमटली. 'आरोहण' आणि 'अर्धसत्य' या दोन्हींसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

वेलणकर हा ब्राह्मण पोलीस अधिकारी एका पंजाब्याने केला म्हणून महाराष्ट्रात कोणी हरकत घेतल्याचे मला तरी आठवत नाही. मग अबू मियाँच्या बाबतीत आपण ती का घ्यावी?

मात्र याच कारकिर्दीत माझ्या मताच्या विरुद्ध जाणारे पुरावेही आहेत. 'कुर्बान'मध्ये ते अतिरेक्यांचे 'भाईजान' होते. 'बजरंगी भाईजान'मध्ये पाकिस्तानातले प्रेमळ मौलाना होते. एक वाईट मुसलमान, एक चांगला मुसलमान. दोन्ही त्यांनी व्यवस्थित केले आणि दोन्ही मला फिके वाटतात. मौलानांच्या तोंडी टाळ्यांसाठी लिहिलेली वाक्ये आहेत. थिएटरात टाळ्या पडल्याही, आणि आपल्या लोकांनी सर्वांत जोरात वाजवल्या. मला त्यात जरा वाईट वाटले. चांगले ठरवले जाण्याची आपल्याला एवढी भूक का असावी? अबू मियाँला कोणी चांगला म्हणावे अशी त्याची अपेक्षा नव्हती. कागदावरच माणूस नसेल तर कितीही मोठा नट त्याला आणणार कुठून? म्हणूनच नट कोणत्या धर्माचा यावर भांडण्यापेक्षा लिहिणारे कोण आहेत यावर भांडणे जास्त उपयोगाचे आहे, आणि तिथे आपल्या मुलामुलींची गरज आहे.

इथे शाळेतला एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी माझी एक विद्यार्थिनी तालुक्याच्या मराठी वक्तृत्व स्पर्धेत बोलली. विषय पाणीटंचाई. उत्तम बोलली, 'ण' आणि 'ळ' जिथल्या तिथे. बक्षीस देताना परीक्षक प्रेमाने म्हणाले, "मुसलमान असूनही किती छान मराठी बोलतेस!" ती त्याच तालुक्यात जन्मली, तिचे आजोबा तिथेच शेती करत होते. परीक्षकांचा हेतू चांगला होता, म्हणून तर कोणी काही बोलू शकले नाही. परत येताना तिने एसटीत मला विचारले, "सर, 'असूनही' म्हणजे उर्दूत काय?" मी म्हटले, 'के बावजूद'. ती म्हणाली, मग त्यांनी बाकीच्यांना तसे का नाही म्हटले?

ज्या मराठीत बार्शीच्या मेहबूब पटेलांनी, म्हणजे शाहीर अमर शेखांनी, संयुक्त महाराष्ट्रासाठी सभा गाजवल्या, त्या मराठीत हा प्रश्न अजून विचारावा लागतो. आणि आपल्याकडेही उलटे 'असूनही' आहेच. उर्दूच्या स्पर्धेत एखाद्या मुलाचा शीन-क़ाफ़ डळमळला, 'क़लम'चा 'कलम' झाला, की आपलेच बुजुर्ग नाक मुरडतात, 'मराठीवाल्यांची उर्दू' म्हणतात. दोन्हीकडून मार खाल्लेले मूल शेवटी बोलणेच बंद करते. वर्गात मागच्या बाकावर असे दोन-तीन लहान्या भिकू दरवर्षी असतात.

म्हणून मला जॉर्ज खानचे मोडके इंग्रजी महत्त्वाचे वाटते. 'कक्काजी कहिन'मधला पान चघळत बोलणारा पुढारी महत्त्वाचा वाटतो. 'जाने भी दो यारो'मधला दारूच्या नशेत शवपेटीला बंद पडलेली मोटार समजून तिच्याशी बोलणारा पंजाबी बिल्डर आहुजाही. शुद्धतेची परीक्षा घेतली तर हे सगळे नापास. ओम पुरींनी प्रत्येकाचा लहजा वेगळा ओळखला आणि कोणत्याही लहजाची टिंगल केली नाही. टिंगल करणे सोपे असते. आपल्याकडचे निम्मे विनोदी कार्यक्रम त्यावर चालतात. उच्चार शिकवावा लागतो, मीही शिकवतो, नुक्त्यासाठी पोरांना पुन्हा पुन्हा म्हणायला लावतो. पण नुक्ता चुकलेल्या माणसाचे म्हणणे आधी पूर्ण ऐकून घ्यायचे असते.

ओम पुरी ६ जानेवारी २०१७ रोजी मुंबईत गेले, सहासष्टाव्या वर्षी. त्याआधीच्या एका वर्षात ते 'ॲक्टर इन लॉ' या पाकिस्तानी चित्रपटात नायकाचे वडील झाले होते आणि 'जंगल बुक'च्या हिंदी आवृत्तीत बघिरा. शेरखानला आवाज होता नाना पाटेकरांचा, भालूला इरफान खानचा. आमच्या वर्गातल्या पोरांना ओम पुरी हे नाव माहीत नाही, 'अर्धसत्य' त्यांनी पाहिलेला नाही. बघिरा मात्र त्यांना तोंडपाठ आहे. मधल्या सुट्टीत एक जण त्याची नक्कल करतो, आवाज पोटातून काढायचा प्रयत्न करतो, आणि त्याच्या दखनीत बघिरा मोगलीला सांगतो, "नक्को जा रे उधर."